कापड सर्वांत शेवटी : कॅम्परच्या छताचे आणि भिंतींचे प्रश्न

पाऊस लागला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. उन्हाळाभर बॅटरी आणि पंख्यांची चौकशी असते. आता ओल, बुरशी आणि लोंबणारी छतं. यावेळची सगळी पत्रं ट्रॅव्हलर किंवा मिनीबसचं फिरतं घर करून घेतलेल्यांची आहेत. मापं ज्यांनी कळवली त्यांच्या गाडीचा हिशेब दिला आहे. इतरांनी आपल्या मापाने बदलून घ्यावा.

प्रश्न : सात वर्षांपूर्वी ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतला. छताला फोमचं राखाडी कापड आहे. ते मधोमध सुटून डोक्याला लागतंय. सीट कव्हरवाल्याने इंजेक्शनच्या सुईने आत सोल्यूशन सोडून चिकटवलं, महिन्यात पुन्हा खाली आलं. जुन्यावरच नवीन कापड लावता येईल का? छत ३.४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. आणि सुईवाला उपाय का फसला ते आधी पाहा. लोंबलेल्या भागाची कड थोडी उचला आणि कापडाच्या पाठीवरून बोट फिरवा. बोटाला पिवळट-तपकिरी चिकट भुकटी लागली तर तो कुजलेला फोम आहे. छताचं कापड म्हणजे वर विणलेला थर आणि त्याला मागून चिकटवलेला ३ ते ५ मिमीचा फोम. उष्णता आणि दमटपणा यांनी फोमची वीण तुटते आणि त्याचं पीठ होतं. तुमचं सोल्यूशन कापडामागच्या बोर्डाला (हार्डबोर्ड किंवा प्लाय) घट्ट धरून बसलेलं असतं; सुटतो तो फोम, मधल्या मधे. पिठावर कितीही चांगलं सोल्यूशन सोडा, ते पिठालाच चिकटणार.

त्यामुळे बोर्ड खाली काढणं भाग आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दिवे, पडद्याच्या पट्ट्या, हँडल, पंख्याची चौकट काढताना प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर जागा लिहा. लांबीला फरक असतो आणि पाच मिमी जास्त लांबीचा स्क्रू चुकीच्या जागी गेला तर थेट वायरमध्ये किंवा बाहेरच्या पत्र्यात शिरतो. बोर्ड मागच्या दारातून तिरका करून काढा. हार्डबोर्ड वाकवला तर मधोमध कडकन मोडतो, म्हणून दोन माणसं हवीत.

कापड ओढून काढल्यावर फोमचा थर बोर्डावर उरतो. तो नायलॉनच्या ब्रशने कोरडाच घासा. तारेचा ब्रश वापरू नका, बोर्डाची साल निघते आणि ते खड्डे नव्या कापडातून दिसतात. भुकटी नाकात जाते, मास्क बांधा. शेवटी तळहात फिरवला तर काहीही लागता कामा नये. कामाचा निम्मा वेळ इथेच जातो आणि घाई करायचा मोहही इथेच होतो.

आता कापड. हे कापड बहुधा दीड मीटर पन्ह्याचं मिळतं. तुमचं छतही दीड मीटर रुंद, म्हणजे कडा मागे वळवायला काहीच उरत नाही. लांबीत लावायचा हट्ट सोडा आणि आडवं लावा. चारही बाजूंना १० सेंमी धरून ३.६ बाय १.७ मीटर झाकायचं आहे. १.७ मीटरचे तीन तुकडे, म्हणजे ५.१ मीटर, साडेपाच मीटर घ्या. जोड छताच्या आडव्या फासळ्यांखाली आणा आणि वर ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची पट्टी मारा. तिन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. एक तुकडा उलटा लागला की दिवा लावल्यावर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो.

सोल्यूशन सिंथेटिक रबरचं आणि उष्णता सोसणारं घ्या. पांढरा फेव्हिकॉल इथे उपयोगाचा नाही, आणि साध्या कामाचा स्प्रेही नको : एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो, तिथे तो मऊ पडतो. एक लिटरमध्ये दोन्ही बाजू धरून साधारण अडीच चौरस मीटर जोडलं जातं. तुमचं छत पाच चौरस मीटरच्या थोडं वर आहे आणि फोम जास्त पितो, म्हणून अडीच ते तीन लिटर.

बोर्ड टेबलावर चांगली बाजू वर ठेवून, कापड जागेवर पसरा. अर्धं कापड उलटं दुमडा. बोर्डावर आणि फोमवर पातळ हात मारा. जाड हात मारला तर सोल्यूशन फोममधून झिरपून समोर डाग उमटतो, तो जात नाही. मग थांबा. उन्हाळ्यात सहा-सात मिनिटं, थंडीत पंधरा. बोटाची मागची बाजू टेकवून पाहा : चिकट लागलं पाहिजे, पण तार सुटता कामा नये. तार सुटत असेल तर आत सोल्यूशनमधला उडून जाणारा द्रावक अडकलेला आहे आणि उद्या ऊन लागल्यावर तिथेच फुगा येईल.

कापड मधून कडेकडे तळहाताने बसवत न्या. जोर लावू नका, दाबला गेलेला फोम तसाच बसून राहतो. दिव्याच्या खोबणीत आधी खोलगट भाग बसवा, मग कडा. उलटं केलं तर कापड खोबणीवर ताणून पुलासारखं राहतं आणि पहिल्या कडक उन्हात सुटतं. दुसरा अर्धा भाग तसाच. कडांच्या पाच सेंमी पट्टीला मात्र दोन हात मारा. चोवीस तासांनी कडा कापा, तीन सेंमी मागे वळवा आणि पिना मारा. प्लाय ४ मिमीचा असेल तर पिनाही ४ मिमीच्याच, नाहीतर टोकं समोरून डोकावतात.

काम उघड्यावर किंवा दारं उघडी ठेवून करा. या सोल्यूशनची वाफ पेट घेते. जवळ विडी-सिगारेट, शेगडी, ग्राइंडर काही नको.

प्रश्न : गणपतीला कोकणात जायचंय. छताचं काम जुलै-ऑगस्टमध्ये करून घेतलं तर? — गारगोटी

उत्तर : टाळता आलं तर टाळा. हवेत दमटपणा भरलेला असताना सोल्यूशन लावलं की द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प बसतं. चकाकी जाऊन पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. त्या सायीवर कापड दाबलं तर त्या वेळी चिकटतं आणि फोंडा घाट उतरेपर्यंत सुटतं. करायचंच असेल तर बंद शेडमध्ये, बोर्ड आणि कापड आदल्या रात्रीपासून हॅलोजनच्या उबेत ठेवून, दुपारी. साय दिसली तर ती पूर्ण उडू द्या आणि वरून पुन्हा एक पातळ हात मारा. गणपतीपुरतं भागवायचं असेल तर गादीकामाच्या पिळाच्या टाचण्या २० सेंमीवर टोचा आणि दसऱ्यानंतर नीट करा.

प्रश्न : मागच्या डाव्या कोपऱ्यात छताला तपकिरी कडेचा डाग पडला. कापड बदललं. वळीव झाल्यावर तिथेच डाग आला. आता प्लायही फुगलाय आणि कुबट वास येतो. छतावर कॅरिअर आणि एक व्हेंट, म्हणजे हवेचा झरोका, आहे. कॅरिअरच्या बोल्टांवर सिलिकॉन भरून घेतलं आहे. — शिरोली

उत्तर : डाग जिथे आहे तिथे गळती असतेच असं नाही, बहुतेकदा नसतेच. पाणी पत्र्याच्या आतून फासळीवर उतरतं, फासळीच्या पन्हळीतून वाहतं आणि गाडी ज्या बाजूला कलते तिथे साठून खाली येतं. गाडी घरासमोर कशी उभी असते? तोंड चढाकडे आणि डावी बाजू गटाराकडे असेल, तर पुढच्या व्हेंटचं पाणीही तुमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातच येणार.

शोधायचं असं. त्या कोपऱ्याचा बोर्ड काढा, गाडी नेहमीच्याच उतारावर उभी करा. आतल्या कोरड्या पत्र्यावर आणि फासळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. एक माणूस आत बॅटरी घेऊन बसेल, दुसरा बाहेरून पाइपने बिनदाबाचं पाणी सोडेल. सुरुवात खालून : आधी मागचे लाल दिवे, मग मागच्या काचेचं रबर, मग दाराच्या वरचं रबर, मग छताच्या कडेचा जोड, मग कॅरिअरचे बोल्ट एकेक करून, सर्वांत शेवटी व्हेंट. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोण दोषी ते कळत नाही. पावडरीत ओला ओहोळ उमटेल, तो उलट दिशेने धरत मुळाशी जा. जागा सापडली तरी बाकीच्या तपासा. सात-आठ वर्षांच्या गाडीत एकच गळती क्वचितच असते.

सिलिकॉनबद्दल. उघडताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि पत्रा खालून गंजतो. शिवाय त्यावर रंग धरत नाही, आणि अंश राहिला तर पुढचं सीलंटही धरत नाही. इपॉक्सी पुट्टीचा गोळा दाबण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. पुट्टी दगडासारखी होते, छताचा पत्रा मात्र खड्ड्याखड्ड्याला लवतो. केसाएवढी चीर पडते आणि त्या चिरेतून पाणी दुप्पट जोमाने ओढलं जातं.

बोल्ट पूर्ण काढा. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पातीने खरवडा, थिनरने पुसा. गंज असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उजळ पत्रा लागेपर्यंत घासा. खळग्यात उरलेल्या गंजावर गंज बांधणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावून डब्यावरच्या वेळेप्रमाणे थांबा, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. भोकाच्या कडेलाही रंग गेला पाहिजे. बैठकीखाली २ ते ३ मिमी जाडीची ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला आणि कडेने थोडी बाहेर येईपर्यंत आवळा. दुसऱ्या दिवशी परत आवळा, कारण ब्युटाइल दबून सरकतं आणि बोल्ट सैल पडतो. बोल्टच्या डोक्यावर आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. बोल्टखाली रबरी वॉशर असलेले स्टेनलेस घेतले तर उत्तम.

आता आतलं. ग्लासवूल ओलं असेल तर फेका. ते सुकलं असं वरून वाटतं, आत पाणी धरूनच असतं. प्लायचे पापुद्रे सुटले असतील तर तो तुकडा बदलाच. नवा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरिन घ्या, ४ किंवा ६ मिमी. साधा कमर्शिअल प्लाय इथे दोन पावसाळे काढत नाही आणि एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचं) तर नावच काढू नका. पाणी प्लायच्या तोंडातून, म्हणजे कापलेल्या कडेतून शिरतं. म्हणून कडांना इपॉक्सी किंवा पीयूचे (पॉलियुरेथेनचे) दोन हात, स्क्रूच्या भोकांच्या आतही.

न फुगलेल्या प्लायवर काळी बुरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसा (कोरडी झटकलीत तर बिया गाडीभर उडतील), मग लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम टाकणखार विरघळवून दोन हात मारा आणि धुऊ नका. सुकलंय का हे हाताने कळत नाही. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून प्लायवर चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून दोन-तीन दिवस दारं उघडी, पंखा चालू. दव न दिसलेल्या दिवशी कापडाला हात घाला.

प्रश्न : भिंतींना रेक्झिन लावलंय. खिडक्यांच्या कडांना ते सुटतंय आणि आतलं सोल्यूशन च्युइंगमसारखं झालंय. दोनदा तेच सोल्यूशन वापरून चिकटवलं. — इचलकरंजी

उत्तर : तेच वापरलं म्हणूनच. रेक्झिन म्हणजे कापडावरचं पीव्हीसी. ते लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. तो उन्हाने हळूहळू मागे झिरपतो आणि साध्या रबर सोल्यूशनला मऊ करून टाकतो. तुम्ही ज्याला च्युइंगम म्हणता ते हेच. खिडकीजवळ ऊन जास्त, म्हणून तिथून सुरुवात. इथे पीयू सोल्यूशन हवं. पीव्हीसी सोल चिकटवायला पादत्राणांच्या धंद्यात तेच वापरतात, त्यामुळे कोल्हापुरात ते शोधायला त्रास नाही : चप्पल-बुटांचं साहित्य विकणाऱ्या दुकानात पीव्हीसीसाठीचं पीयू मागा.

जुनं सोल्यूशन मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण काढायला हवं. पत्रा किंवा प्लाय थिनरने. रेक्झिनच्या मागच्या कापडावर थिनर ओतू नका, बोथट पातीने खरवडा आणि फडकं ओलं करून पुसा. जुनं रेक्झिन कडांना आखडून दोन-चार मिमी कमी पडत असेल तर ओढाताण करू नका, कडेला रबरी बीडिंग मारून झाका. कडक होऊन चिरत असेल तर त्यातला तेलाचा अंश संपलाय, त्याला आता काही उपाय नाही.

प्रश्न : कापडाची कटकट नको. घरांच्या छताला लावतात त्या पीव्हीसी पट्ट्या गाडीत लावल्या तर? — कागल

उत्तर : भिंतीच्या खालच्या भागाला आणि न्हाणीच्या कप्प्यात चालतील. छताला आमचा सल्ला नाही. तीन मीटरची पीव्हीसी पट्टी ३० अंशांच्या फरकाने जवळपास ६ मिमी वाढते, आणि सकाळच्या पन्हाळ्यावरून दुपारच्या उन्हात आलेल्या छतात एवढा फरक सहज पडतो. दोन्ही टोकांना स्क्रूने जखडलेली पट्टी मग खाली पोट काढते. तरी लावायच्याच असतील तर दोन्ही टोकांना चार-चार मिमी मोकळी जागा सोडून वर कोपऱ्याची पट्टी मारा, स्क्रूचं भोक लांबट ठेवा आणि पत्रा व पट्टी यांच्यामध्ये इन्सुलेशन घाला. खडखडाट कमी व्हायला फासळ्यांवर ३ मिमीची फोम टेप. तीन मिमीचं एसीपी (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमधे प्लॅस्टिक असलेली फळी) ओट्यामागे सपाट भिंतीला चांगलं. वळणावर ते जात नाही.

प्रश्न : पाऊस नसतानाही आंबा घाटात मुक्काम केला की सकाळी छताच्या स्क्रूंवरून थेंब पडतात. गळती तपासली, नाही. — ताराबाई पार्क

उत्तर : ते तुमचंच पाणी आहे. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ सोडतात. त्यात आत स्वयंपाक केलात तर आणखी : एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, भाताची वाफ वेगळीच. ही वाफ कापडातून पार जाऊन गार पत्र्यावर थिजते. लोखंडी स्क्रू फासळीला भिडलेला म्हणजे सर्वांत गार जागा, म्हणून थेंब तिथे.

व्हेंट आणि त्याच्या समोरची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवून झोपा, थंडी वाजली तरी. पुढे कधी बोर्ड काढाल तेव्हा पत्र्याला १० ते १३ मिमीचं नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक फोम मधे पोकळी न ठेवता चिकटवा. फासळ्या झाकायला विसरतात. त्यांच्यावर ५ मिमीची पट्टी घाला, नाहीतर कापडावर फासळीच्या रेषेत काळपट पट्टे उठतात. चंदेरी बबल शीट पत्र्याला थेट चिकटवून फारसा उपयोग नाही, तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच ती उष्णता परतवते.

भिंतींच्या पोकळीत फसफसणारा स्प्रे फोम मारायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो फुगताना पातळ पत्रा बाहेर ढकलतो, आणि दाराच्या व भिंतीच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात ती बुजवतो. ती भोकं दर पावसाळ्याआधी तारेने मोकळी करायची असतात.

प्रश्न : चाकाच्या कमानीवर कार्पेट नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात. — जयसिंगपूर

उत्तर : चारही दिशांना ताणणारं कार्पेट घेतलं होतं का? घरात घालायचं फेल्ट ताणत नाही, त्यावर कितीही मेहनत घ्या. ताणणारं असेल तर कमानीच्या माथ्यावर आधी तळहाताएवढा भाग चिकटवा, मग हीट गनने कोमट करत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढा. कापायची घाई करू नका. काप फक्त जमिनीला टेकणाऱ्या कडेत, तेही शेवटी. हीट गन एका जागी धरली तर लव वितळून चकचकीत ठिपका पडतो.

प्रश्न : छताच्या कापडाला उदबत्तीने रुपयाएवढं भोक पडलं. शिवाय शेगडीशेजारची भिंत करपली आहे. — कसबा बावडा

उत्तर : भोकासाठी कपाटामागून कापडाचा चौकोन काढा. तो भोकावर, लव जुळवून ठेवा आणि नव्या ब्लेडने दोन्ही थर एकाच वेळी गोल कापा. भोकाचा आणि ठिगळाचा आकार तंतोतंत एक येतो. खाली पातळ कापडाची चकती सरकवून, सोल्यूशन काडीने लावून बसवा आणि कडेची लव टूथब्रशने उलटसुलट फिरवा. दोन हातांवरून दिसणार नाही.

करपलेल्या भिंतीला कापडच नको. शेगडीच्या चारही बाजूंना ३० सेंमीपर्यंतचं कापड आणि फोम काढून टाका. करपलेला प्लाय कापून नवा घाला, त्यावर १० मिमीचे नळीचे तुकडे देऊन एक मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने बसवा. मधली हवा प्लायला वाचवते. पत्रा प्लायला चिकटून मारला तर प्लाय आतल्या आत पुन्हा करपतो. वर-खाली तोंडं उघडी ठेवा.

बाकी गाडीसाठी नवं कापड घेताना आयएस १५०६१ हे गाड्यांतल्या सामानाच्या ज्वलनाचं मानक पूर्ण करतं का, ते दुकानदाराला विचारा. सांगता आलं नाही तर बोटभर तुकडा मागून घ्या, अंगणात चिमट्यात धरून काडी लावा. काडी काढल्यावरही ज्योत चढत राहिली किंवा पेटते थेंब गळू लागले, तर ते कापड घेऊ नका.